तिहोमिरभाऊंचं टेबल तेरा दिवस मागे

बैठकीत सगळे बोलत होते, एकटी वीदोसावा गप्प होती, आणि तेवढ्याच कारणाने ते काम तिच्या गळ्यात पडलं.

गप्प राहण्यामागे काही डावपेच नव्हता. नाताळच्या आधीचा चाळीस दिवसांचा उपास दोनच दिवसांपूर्वी सुरू झाला होता आणि दरवर्षीप्रमाणे तिने उपासाबरोबर एक नेमही धरला होता. एका वर्षी कॉफीतली साखर सोडली, एका वर्षी रोजचं स्तोत्र उभं राहून म्हटलं. यंदा ठरवलं होतं की गरजेपुरतंच बोलायचं आणि कुणाला उलट उत्तर करायचं नाही. द्रेनोपोलच्या जन्ममृत्यू नोंदणी कचेरीत सत्तावीस वर्षं काढलेल्या बाईने असा नेम धरणं म्हणजे मुळात तेल न खाणाऱ्याने उपासाला तेल सोडण्यासारखंच होतं, कारण मुळात तिचा आवाज पलीकडच्या टेबलापर्यंत पोचत नसे.

शनिवार-रविवारी जिल्ह्याहून तंत्रज्ञ आले होते. जुन्या सिस्टीमला आता वरून संरक्षण मिळणार नाही असं सांगून त्यांनी सगळ्या यंत्रांवर नवी सिस्टीम घातली, सोळा पानांच्या सूचना ठेवल्या आणि निघून गेले. सोमवारी सकाळी साहेबांनी, म्हणजे बुदिमिर साहेबांनी, सगळ्यांना बोलावून विचारलं की नवी सिस्टीम कुणाला समजली आहे. विवाह नोंदणीच्या झागोर्काबाई म्हणाल्या की त्यांच्या स्क्रीनवरचं मुलीच्या लग्नाचं चित्र गेलं आहे, ते आधी आणा, मग समजण्याचं बघू. करवसुलीवाले म्हणाले की अक्षरं बारीक आहेत. कुणी म्हणालं मोठी आहेत. साहेबांनी सगळ्यांची तक्रार ऐकून घेतली आणि शेवटी वीदोसावाकडे बोट दाखवलं. या बाईंची काहीच तक्रार नाही, अर्थात यांना समजलं आहे, असा त्यांनी निष्कर्ष काढला. लगेच टाइप केलेला, शिक्का मारलेला कागद निघाला: सदर कर्मचारी सर्वांस नव्या प्रणालीशी जुळवून घेण्यास साहाय्य करील.

तिने ते आज्ञापालन म्हणून स्वीकारलं. आता खरं सांगायचं तर थोडा आनंदही झाला. सत्तावीस वर्षांत तिचं नाव कुठल्याही कागदाच्या वरच्या बाजूला आलं नव्हतं. घरी जाताना तिने एक वही घेतली आणि तिला प्लॅस्टिकचं कव्हर घातलं.

पण त्याच बैठकीत साहेबांनी दुसरा कागदही वाचला होता. अठरा डिसेंबरला जिल्ह्याहून निरीक्षक येणार. जो कर्मचारी त्यांच्यादेखत नव्या सिस्टीमवर एक नोंद करून दाखवू शकणार नाही, त्याची बदली तळघरातल्या दप्तरात. एवढं वाचून झालं आणि सगळ्यांच्या माना एकदम तिहोमिरभाऊंकडे वळल्या. भाऊ आपल्या पेनाचं टोक पुसत बसले होते.

तिहोमिरभाऊ जन्माच्या नोंदी करत. अडतीस वर्षं. गावातल्या चाळिशीच्या आतल्या जवळजवळ प्रत्येक माणसाचं नाव पहिल्यांदा कागदावर लिहिलं ते त्यांनीच. आधी शाईने लिहिलं, मग जुन्या सिस्टीमवर एका बोटाने. त्या सिस्टीमशी सूत जुळायला त्यांना सहा वर्षं लागली होती. पेन्शनला अकरा महिने उरले होते. तळघरात पाण्याचा नळ गळतो आणि भाऊंची छाती आधीच घरघरते, हे एक. पण त्याहून मोठी गोष्ट वेगळी होती. त्यांच्या सुनेला दिवस गेले होते, डिसेंबरातच बाळ येणार होतं, आणि आपल्या पहिल्या नातवंडाचं नाव आपण आपल्या हाताने नोंदवणार, हे त्यांनी गेले सहा महिने बेकरीपासून चर्चच्या पायरीपर्यंत सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. तळघरात बसलेल्या माणसाला जन्म नोंदवता येत नाही. तिथे फक्त मेलेल्या वह्या असतात.

"वीदा," बैठकीतून बाहेर पडताना ते म्हणाले, "मला येईल ना गं?"

"येईल, भाऊ," ती म्हणाली. हे गरजेपुरतं बोलण्यात बसत होतं.

पहिलं काम तिहोमिरभाऊंचंच निघालं. भाऊ रोज घरी जाताना यंत्राची वायर काढून खणात कुलूपबंद ठेवत. तंत्रज्ञांनी दुसरी वायर लावून काम केलं, पण शेवटच्या पायऱ्या मालकानेच कराव्यात म्हणून सोडून दिल्या होत्या. यंत्र सुरू झालं आणि त्याने विनयपूर्वक विचारलं की आजची तारीख काय.

इथे थोडं थांबलं पाहिजे. द्रेनोपोलमध्ये प्रत्येक माणूस दोन तारखांवर जगतो. सरकारी तारीख पगाराला आणि रेल्वेला, धर्माची जुनी तारीख संतांना आणि उपासांना, आणि दोन्हींत तेरा दिवसांचं अंतर. म्हणून तर नाताळ जानेवारीच्या सातला येतो. चर्चमधून मिळणाऱ्या भिंतीवरच्या कॅलेंडरात दोन रकाने असतात, डावीकडे जुनी तारीख आणि उजवीकडे नवी. यात कुणाचा कधी घोटाळा होत नाही, कारण त्याचा कुणी कधी विचारच करत नाही.

"वीदा, आज काय?" भाऊंनी विचारलं.

वीदोसावाने सकाळी पाच वाजता उठून, दिवा लावून, त्या दिवसाच्या संताचं चरित्र वाचलं होतं. अद्भुतकर्ते ग्रेगरी, सतरा नोव्हेंबर. "सतरा," ती म्हणाली. भाऊंनी खात्री करून घ्यायला भिंतीकडे पाहिलं. दोघांनीही पाहिलं. डाव्या रकान्यात सतराच होते. भाऊंनी एका बोटाने सतरा टाकले, यंत्राने आभार मानले आणि कामाला लागलं. त्या दिवशी सरकारी तारीख तीस होती.

मग पासवर्ड आले. सोळा पानी सूचनांत म्हटलं होतं की पासवर्ड असा निवडावा, जो आपण कधी विसरणार नाही आणि दुसऱ्या कुणाला कळणार नाही. द्रेनोपोलच्या माणसाला कधी न विसरणारी एकच गोष्ट ठाऊक असते, ती म्हणजे आपल्या घराण्याचा संत. तो बापाकडून मुलाकडे येतो, वर्षातून एकदा त्याचा सण येतो, त्याला स्लावा म्हणतात, आणि त्या दिवशी आमंत्रणाशिवाय सगळं गाव घरी येऊन जेवतं. तेव्हा कचेरीतल्या एकूण एक माणसाने आपल्या संताचं नाव टाकलं. निम्म्यांचा संत निकोलस, साहेबांचाही, भाऊंचाही. दुसऱ्या कुणाला कळणार नाही हे कलम असं पाळलं गेलं की प्रत्येकाने दुसऱ्याच्या घरी त्याच संताच्या नावाने चाळीस वर्षं शिजवलेले गहू खाल्ले होते.

कीबोर्डवर दोन लिप्या होत्या आणि पासवर्ड टाइप करताना स्क्रीनवर नुसते ठिपके दिसत. त्यामुळे कुणी कुठल्या लिपीत काय टाकलं हे एकट्या परमेश्वराला ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी पाच टेबलं बंद पडली. ती उघडायला जिल्ह्याला अर्ज करावा लागे, आणि अर्जाचा नमुना सिस्टीमच्या आत होता. साहेबांनी स्वतः आपला पासवर्ड मोठ्याने, एकेक अक्षर उच्चारत टाकला आणि पाचही अर्ज केले. नंतर त्यांनी परिपत्रक काढलं की कुणाचाही पासवर्ड कुणालाही कळता कामा नये.

झागोर्काबाई वेगळ्याच अडचणीत होत्या. त्यांना खिडक्या लहान-मोठ्या करता येत. नाहीशा झालेल्या परत आणता येत नसत. एखादी खिडकी गेली की त्या दुसरं कोरं पान उघडून विवाहाची नोंद पहिल्यापासून करायच्या. बुधवारी एकाच जोडप्याचं त्यांनी चारदा लग्न लावलं. वीदोसावाने जाऊन खालच्या पट्टीतून चारही नोंदी वर काढून दाखवल्या.

"हे आत्तापर्यंत कुठे होते?" झागोर्काबाईंनी विचारलं.

"इथेच, खाली."

"मग मला सांगायचं नाही का? तू मदतनीस ना? नुसती उभी असतेस मेणबत्तीसारखी."

वीदोसावा नेमाप्रमाणे उलट बोलली नाही. मात्र घरी जाताना ते मेणबत्तीचं वाक्य तिच्याबरोबर घरापर्यंत चालत आलं.

शेजारच्या गोस्पावाबाई निवृत्त पोस्टमास्तरीण होत्या. फाटकाशीच त्यांनी तिला अडवलं, कॉफीला बसवलं आणि सल्ला दिला. पोस्टात तारायंत्र जाऊन नवं यंत्र आलं तेव्हा त्यांनी सगळ्यांना पहिले सात दिवस त्याला हातच लावू दिला नव्हता, नुसतं बघायला लावलं होतं. माणूस आणि यंत्र यांची आधी नजरानजर व्हावी लागते, असं त्यांचं म्हणणं. मग त्यांनी वीदोसावाचा कप उपडा करून गाळात पाहिलं आणि म्हणाल्या की एक म्हातारा माणूस दिसतो आहे, आणि त्याच्याभोवती कागद. वीदोसावा अशा भविष्यावर विश्वास ठेवत नसे, ते धर्मात बसत नाही. तरी तिने भाऊंसाठी एक स्तोत्र जास्त म्हटलं.

भाऊंची शिकवणी रोज कॉफीच्या सुट्टीत चाले. भाऊंनी सगळ्या पायऱ्या शाईने वहीत उतरवल्या, आणि बायका लोणच्याची कृती लिहितात तशा उतरवल्या: "प्रथम डावी कळ एकदा. थांबावे. हिरवे दिसल्यास पुढे जावे. न दिसल्यास वीदास हाक." दहा दिवसांत त्या वहीत वीदाची हाक कमी होत गेली. सरावाच्या नोंदी ते घडाघड करू लागले. खऱ्या जन्माची नोंद अजून एकही आली नव्हती, पण दाखल्याची खिडकी साहेबांनी त्यांच्याकडे दिली आणि त्यांनी एका आठवड्यात सात दाखले छापून, सही करून, शिक्का मारून लोकांच्या हातात ठेवले. दाखल्यावरची दिल्याची तारीख यंत्र स्वतःच छापत असे.

दहा डिसेंबरला पेर्सिदाबाई आल्या. त्यांचा नवरा मिलुतिन तीन तारखेला गेला होता. मृत्यूचा दाखला घेऊन त्या बँकेत गेल्या होत्या आणि तिथून परत पाठवल्या गेल्या होत्या. त्यांनी दाखला खिडकीतून आत सरकवला आणि काळ्या रुमालाखालून भाऊंकडे पाहत राहिल्या.

"तिहोमिर, वाच."

भाऊंनी वाचलं. मृत्यू तीन डिसेंबर. दाखला दिला चोवीस नोव्हेंबर.

"नऊ दिवस आधी," पेर्सिदाबाई म्हणाल्या. "तुम्हाला कळलं होतं तर मला सांगायचं होतं. मी त्याला डॉक्टरकडे नेलं असतं."

झागोर्काबाईंनी क्रूसाची खूण केली. दाखला घेऊन भाऊंनी हात जोडल्यासारखे केले, आपण तारीख टाकलीच नव्हती, यंत्रानेच टाकली होती, असं सांगायला तोंड उघडलं, आणि समोरच्या काळ्या रुमालाकडे पाहून दाखला खिडकीतून परत सरकवला. पेर्सिदाबाईंनी आपला कागद परत घडी घालून पिशवीत ठेवला आणि गेल्या.

मग बाकीचे सहाही परत येऊ लागले. त्यांतला एक तर असा होता की अर्जदाराने अर्ज करायच्या बारा दिवस आधी त्याला दाखला मिळाला होता. कचेरीच्या इतिहासात एवढं तत्पर काम कुणी केलं नव्हतं, पण त्याचं कौतुक झालं नाही. साहेबांनी जिल्ह्याला लिहिलं. जिल्ह्याने उत्तर दिलं की प्रणाली चूक करत नाही, माणूस करतो. साहेबांनी ते उत्तर भाऊंच्या टेबलावर ठेवलं आणि निरीक्षण होईपर्यंत खिडकी बंद ठेवायला सांगितली.

वीदोसावा मदतनीस होती, तेव्हा तपास तिच्याकडे आला. तिने सोळाही पानं वाचली. यंत्राच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत तारीख असते, ती तपासावी असं नवव्या पानावर होतं. तिने ती एकदा सोडून दोनदा तपासली. दोन्ही वेळा तिला ती बरोबर वाटली, कारण त्याच तारखेला ती सकाळी दिवा लावून आली होती. मग तिने इतकंच लिहिलं: तारीख योग्य, कारण अज्ञात. साहेबांनी चष्मा न लावता पाहिलं आणि सही केली.

त्याच आठवड्यात, आठ तारखेला, भाऊंना नात झाली होती. मुलगा आणि सून नावावर अडून बसले होते, आणि शेवटी द्राझेता ठरलं. मुलगा म्हणाला, बाबा, नोंद झागोर्काबाईंकडून करून घेऊ, पंधरा दिवसांची मुदत आहे. भाऊंनी जेवण सोडून ताट बाजूला केलं. निरीक्षकासमोर जी एक नोंद करायची आहे, ती हीच करीन, म्हणाले. चूक झाली तर माणसाला तळघर मिळणार होतं, आणि तेही नातीच्या नावासकट.

अठरा तारखेला निरीक्षक रादिसाव साहेब आठच्या बसने आले. त्यांच्याही घरी दुसऱ्या दिवशी संत निकोलसची स्लावा होती, दुपारची बस गाठायची होती आणि मासे घ्यायचे होते. म्हणून त्यांनी वेळ वाचवायचं ठरवलं. शेगडीजवळचं टेबल मागितलं. ते भाऊंचंच होतं. तिथल्याच यंत्रावर त्यांनी निरीक्षणाचा अहवाल आधीच लिहून टाकला: प्रणालीत दोष आढळला नाही, सदर कर्मचाऱ्याने सात दाखल्यांवर चुकीच्या तारखा घातल्या, सबब त्याची दप्तरात बदली व्हावी. छापला, सही केली, शिक्का मारला. मग त्यांनी निरीक्षणाला सुरुवात केली.

भाऊ इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. वही उघडून उजव्या हाताला ठेवली. प्रथम डावी कळ एकदा. थांबावे. हिरवं दिसलं. आईचं नाव, बापाचं नाव, गाव. बोट वाट चुकत नव्हतं. द्राझेता. मुलगी. जन्म आठ डिसेंबर. शेवटची कळ.

यंत्राने नम्रपणे सांगितलं की ही तारीख अजून आलेली नाही.

भाऊंनी पुन्हा केलं. यंत्राने पुन्हा तेच सांगितलं. मूल अजून जन्माला यायचं होतं. भाऊंनी खिशातून हॉस्पिटलची चिठ्ठी काढली आणि ती यंत्राला दिसेल अशी स्क्रीनसमोर धरली. ते पाहून झागोर्काबाईंनी तोंड फिरवलं, आणि त्या हसत नव्हत्या.

"मदतनीस कोण?" निरीक्षकांनी विचारलं. वीदोसावा पुढे झाली. "बाई, आज तारीख काय?"

"पाच डिसेंबर, साहेब," ती म्हणाली. "पूज्य साव्वा यांचा दिवस."

वीदोसावाने आपलंच उत्तर ऐकलं. मग तिने यंत्राच्या कोपऱ्याकडे पाहिलं, पाच डिसेंबर. मग भिंतीकडे, डावा रकाना, पाच. उजवा रकाना, अठरा. जवळजवळ तीन आठवडे ती रोज एका बरोबर तारखेला उठत होती, आणि त्याच तारखेने एका माणसाला तळघराच्या पायरीवर आणून उभं केलं होतं.

"यंत्रात तारीख कुणी घातली?"

"मी," तिहोमिरभाऊ ताबडतोब म्हणाले. त्यांनाही कळलं होतं. "मीच घातली, साहेब. माझंच बोट."

आता नेमाचा प्रश्न होता. गरजेपुरतं बोलायचं. वीदोसावाला आयुष्यात पहिल्यांदा असं वाटलं की आपण गप्प राहिलो तर ते पुण्यात धरलं जाणार नाही.

"बोट त्यांचं," ती म्हणाली, आणि तिचा आवाज पलीकडच्या टेबलापर्यंतच काय, करवसुलीपर्यंत गेला, "तारीख माझी. मी सांगितली, म्हणून त्यांनी घातली. नंतर दोनदा तपासली तीही मीच, आणि दोन्ही वेळा योग्य म्हणून लिहून दिली. कागदावर माझी सही आहे. भाऊंनी एकही चूक केलेली नाही. जे सांगितलं ते त्यांनी केलं."

बुदिमिर साहेबांना त्या कागदावर आपलीही सही असल्याचं आठवलं आणि ते खिडकीबाहेर पाहू लागले.

तारीख दुरुस्त झाली. भाऊंनी तिसऱ्यांदा नोंद केली. कचेरीतले सगळे मागे उभे होते. यंत्राने हिरवी खूण दाखवली. द्राझेता नावाची मुलगी दहा दिवसांची झाल्यावर जन्माला आली, आजोबांच्या एका बोटाने. भाऊंनी वही मिटली आणि चष्मा पुसत बसले, बराच वेळ.

पण अहवालावर शिक्का बसला होता, आणि शिक्का बसलेली गोष्ट मागे घेणं रादिसाव साहेबांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी अहवालाच्या तळाला हाताने एक ओळ लिहिली: चुकीच्या तारखेचे सातही कागद एकतीस डिसेंबरपर्यंत जिल्ह्यात जमा झाल्यास बदली रद्द समजावी, एकही कमी असल्यास नाही. एक प्रत कचेरीत ठेवली आणि बस गाठली.

दुसऱ्या दिवशी भाऊंची स्लावा. वीदोसावाला जायची लाज वाटत होती, पण स्लावेला न जाणं हे त्याहून मोठं पाप. उंच मेणबत्ती जळत होती. भाऊंनी स्वतः गव्हाचं भांडं तिच्यापुढे धरलं आणि तिने चमचाभर घेऊन क्रूसाची खूण केली. सगळं गाव जेवायला येऊन जात होतं, त्यात दाखलेवालेही होते. गावात बातमी पोचली होती, तेव्हा लोक खिशात कागद घेऊनच आले होते. तिथेच, मासे आणि लोणच्याच्या मधे, तिला चार दाखले मिळाले. एकावर माशाचा रस्सा सांडला होता. दोन तिने नंतर घरोघर जाऊन आणले. सहा झाले.

सातवा पेर्सिदाबाईंकडे होता. वीदोसावा नवा दाखला घेऊन गेली. पेर्सिदाबाईंनी नवा घेतला. जुना देणार नाही, म्हणाल्या.

"त्यावर काय लिहिलंय? चोवीस नोव्हेंबर. त्या दिवशी मिलुतिन छपरावर होता. कौल बसवत होता. मी खालून ओरडत होते, उतर रे, पडशील. हे सगळं चाललेलं असताना सरकार म्हणतं तो मेला." त्यांनी दाखला संताच्या तसबिरीमागे सरकवला. "सरकारची एवढी एकच चूक माझ्या बाजूने झालीये. ती कशी देऊ?"

वीदोसावाने तिहोमिरभाऊंचं सांगितलं. तळघर, नळ, छाती. पेर्सिदाबाईंनी सगळं ऐकलं, त्यांना वाईटही वाटलं. तरी कागद तसबिरीमागेच राहिला. वीदोसावाला आग्रह करता आला असता. तिने केला नाही. घरी येताना तिला कळेना की हा नेम होता की आणखी काही.

एकोणतीसला ती कचेरीतल्या फाईलमध्ये सहा दाखले लावत होती. त्याच फाईलमध्ये अहवालाची प्रत होती. वरच्या उजव्या कोपऱ्यात यंत्राने छापलेली तारीख होती. तिने ती एकदा वाचली, दोनदा वाचली, आणि यावेळी साहेबांच्या खोलीत जाऊन भिंतीवरच्या कॅलेंडरात उजवा रकाना बोट ठेवून तपासला. तिला आनंद झाला नाही, असं म्हणता येणार नाही. म्हणूनच त्या संध्याकाळी तिने उभं राहून आणखी एक स्तोत्र म्हटलं.

बुधवारी ती जिल्ह्याला गेली. रादिसाव साहेबांच्या टेबलावर तिने कागद ओळीने मांडले. त्यांनी बोटाने मोजले. सात. ते प्रसन्न झाले आणि सही करायला पेन उचललं.

"साहेब," वीदोसावा म्हणाली, "सातवा आपला आहे."

"माझा?"

"चुकीच्या तारखेचे सगळे कागद आणायचे होते. दाखले सहा. हा अहवाल. आणि एक पेर्सिदाबाईंचा, तो त्यांच्या घरी आहे. म्हणजे मुळात आठ होते. मी लपवणार नाही."

त्यांनी अहवाल जवळ ओढला. अठरा डिसेंबर रोजी केलेल्या निरीक्षणाचा अहवाल. दिनांक पाच डिसेंबर. सही, शिक्का. निरीक्षणाच्या तेरा दिवस आधी. त्यांनी तो खाली ठेवला, पुन्हा उचलला. शेजारच्या टेबलावरच्या बाई मान उंच करून बघू लागल्या तेव्हा त्यांनी त्यावर हात ठेवला.

"ही प्रत किती जणांकडे गेली आहे?"

"फक्त आमच्या फाईलमध्ये. ती मी आणली आहे."

मग त्यांनी विचारलं, "त्या बाई कागद का देत नाहीत?"

तिने सांगितलं. छपराचं, कौलाचं, खालून हाक मारल्याचं. जसं ऐकलं तसं, एक शब्द जास्त नाही.

रादिसाव साहेबांनी आपला अहवाल घडी घालून खणात टाकला आणि खण बंद केला. रस्सा सांडलेल्या दाखल्याकडे पाहिलं, आणि कागद जमा झाल्याची सही केली. "त्यांचा राहू दे," ते म्हणाले. "तिहोमिरलाही राहू दे, आहे तिथे."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिहोमिरभाऊंनी खणातून वायर काढली, यंत्र सुरू केलं आणि सवयीने मान न वळवता विचारलं, "वीदा, आज काय?"

कचेरीतली सगळी टेबलं थांबली. झागोर्काबाईंचा कप हातातच राहिला. वीदोसावाने सकाळीच दिवा लावला होता, चरित्र वाचलं होतं, आजचा संत तिला ठाऊक होता.

"तुम्हीच बघा, भाऊ," ती म्हणाली. "उजवा रकाना."